सतराव्या मजल्याचा उतार

पुण्यातली खोली सोडून मी धारूरला परत आले, तेव्हा गल्लीत सगळ्यांना वाटलं माझी नोकरी सुटली. नोकरी सुटली नव्हती. ऑफिसनं घरून काम करायची मुभा दिली होती आणि मला पुण्याचा कंटाळा आला होता, एवढंच. बाजारात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्याच्या वरच्या खोलीत मी टेबल टाकलं, दोन स्क्रीन लावले, इन्व्हर्टर बसवला आणि कामाला लागले.

माझं काम म्हणजे मोठ्या इमारतींच्या आतले मार्ग आखणं. पाणी कुठून चढणार, सांडपाणी कुठून उतरणार, हवा कुठून खेळणार, आग विझवायच्या नळ्या आणि विजेच्या तारा कुठून जाणार. इमारत उभी राहील का, हे दुसरे इंजिनिअर बघतात. वडील गिऱ्हाइकांना सांगायचे, "पोरगी कॉम्प्युटरवर प्लंबिंग करती." त्यात चुकीचं काही नव्हतं.

त्या वर्षी माझ्याकडे एक परदेशातली इमारत होती. सतरा मजल्यांची. खालचे तीन मजले काँक्रीटचे आणि वरचे चौदा लाकडाचे. मधोमध, पायापासून गच्चीपर्यंत, काँक्रीटचा एक चौकोनी गाभा. त्यात लिफ्ट आणि जिने. लाकूड म्हणजे आपल्याकडच्या वाशा-तुळयांसारखं नव्हे. फळ्या एकमेकींवर आडव्या-उभ्या चिकटवून केलेले वीतभर जाडीचे तक्ते. त्यांचीच जमीन, त्यांच्याच भिंती, आणि तशाच चिकटवलेल्या फळ्यांचे खांब.

दुकानामागे एका मिस्त्रींचा सुतारकामाचा कारखाना आहे. वडिलांचे ते शाळेपासूनचे दोस्त, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. बिजागऱ्या आणि स्क्रू न्यायला म्हणून ते रोज येतात आणि चहा पिऊन जातात. मी त्यांना स्क्रीनवर इमारत दाखवली, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि जिन्यातून खाली वडिलांना हाक मारली.

"ऐकलंस का बे, तुझी पोरगी सतरा मजले लाकडाचे बांधायलीय!"

"मी न्हाई बांधत, चाचा. मी फक्त नळ टाकते."

"आन आग लागली तर?"

मी म्हटलं, जाड लाकूड वरून कोळसा होतं आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला वाचवतो. वरून पाण्याचे फवारेही असतात. हे त्यांना पटलं. चौसाळ्याला एका जळालेल्या गोठ्यातले खांब त्यांनी तासून पुन्हा वापरले होते. "वरून काळा, आतून लाकूड जसंच्या तसं," ते म्हणाले.

या कामातली अवघड गोष्ट म्हणजे भोकं. काँक्रीटच्या इमारतीत एखादं भोक राहिलं, तर मशीन लावून पाडता येतं. इथं प्रत्येक तक्ता फॅक्टरीत मापात कापून, भोकं पाडूनच ट्रकवर चढणार होता. जागेवर करवत चालवायला बंदी. म्हणजे कुठल्या संडासाचा पाइप जमिनीतून नेमका कुठे जाणार, हे वर्षभर आधी, मिलिमीटरमध्ये सांगायचं. मी ते सांगितलं होतं. माझी ड्रॉइंगं तपासून, सह्या होऊन गेली होती.

सगळं सांडपाणी मी मधल्या काँक्रीटच्या गाभ्याकडे नेलं होतं. गाभा भक्कम, त्याला पाइप बांधणं सोपं. प्रत्येक बाथरूममधून जमिनीखालून एक आडवा पाइप निघायचा, तीनेक मीटर जायचा आणि गाभ्यातल्या उभ्या पाइपाला मिळायचा. तीन मीटरला तीन सेंटीमीटर उतार. नियमात बसत होतं.

एका बुधवारी दुपारी वीज गेली म्हणून मी खाली दुकानात बसले होते. चाचा आले. सहज विषय निघाला आणि मी त्यांना म्हटलं, सोमवारपासून फॅक्टरीत वरच्या मजल्यांची कापाकापी सुरू होणार.

"लाकूड वाळलेलं हाय ना?" त्यांनी विचारलं.

"हो, भट्टीत वाळवलेलं."

"तरी बसतं थोडं. वजन पडलं की बसतंच." मग ते जरा घुटमळले. "तेलगावला मी एक काम केलतो. सांगण्यासारखं न्हाई, पन सांगतो."

तेलगावच्या एका कापडाच्या दुकानात त्यांनी पोटमाळा केला होता. दुकानाच्या भिंती सिमेंटच्या, पोटमाळा कडुलिंबाच्या खांबांवर. मालकाला वर हात धुवायला बेसिन हवं होतं. बेसिनचा पाइप पोटमाळ्याच्या फळ्यांखालून नेऊन भिंतीतल्या पाइपात घातला.

"लाकूड ओलं व्हतं. मालकाला घाई, आन मीबी हा म्हनलो. त्याच्यात त्यानं वर कापडाचे गठ्ठे रचले. साल झालं न झालं, तर बेसिनातलं पानी जाईना. मला वाटलं कचरा अडकला. काढून बघतो तर पाइप साफ. मग पाणसळ लावून पातळी बघितली. माळा खाली बसला, भिंत हाय तिथंच. पाइपाचा उतार उलटा झाल्ता, बेटा. पानी भिंतीकडं जायच्या जागी बेसिनाकडं यायलं."

मी हातातला चहा ठेवला. चाचा पुढे मालकाबद्दल काही सांगत होते, पण ते मी ऐकलं नाही.

माझ्या इमारतीत बाथरूम लाकडाच्या जमिनीवर होतं आणि उभा पाइप काँक्रीटच्या गाभ्यात. तेच दुकान, फक्त चौदा मजले. प्रत्येक मजला केसाएवढा जरी बसला, तरी सगळ्यात वरच्या मजल्यापर्यंत त्याची बेरीज होणार.

मी दुकानातून दीड मीटरचा एक प्लास्टिकचा पाइप उचलला आणि दोन विटांवर ठेवला. एका टोकाखाली दीड सेंटीमीटरची पट्टी घातली. वडिलांनी वरच्या टोकातून तांब्याभर पाणी ओतलं. ते सरळ वाहून गेलं. मग मी ती पट्टी काढली आणि तेवढंच पाणी ओतायला सांगितलं. थोडं पुढे गेलं, थोडं मागे वडिलांच्या पायावर आलं, बाकीचं पाइपातच राहिलं.

"उतार कुठाय याला?" वडील म्हणाले.

"तेच तर."

वीज आल्यावर मी वर गेले आणि इमारतीच्या सांगाड्याचा अहवाल उघडला. तो माझ्याकडे आठ महिन्यांपासून होता. मी त्यातली तुळयांची मापं पाहिली होती, कारण मला तेवढीच लागत होती. शेवटच्या परिशिष्टात एक कोष्टक होतं: प्रत्येक मजला काही वर्षांत गाभ्याच्या तुलनेत किती खाली येणार. सतराव्या मजल्यासमोर अडीच सेंटीमीटर लिहिलं होतं. माझ्या तीन सेंटीमीटरांतून अर्धा उरत होता. संडासाच्या पाइपाला तो काहीच नाही.

काही वेळ मी असाही विचार केला की कुणाच्याच लक्षात आलेलं नाही, आणि अडचण दिसायला लागेल तोवर पाच-सहा वर्षं जातील. हा विचार आला होता, हे इथं लिहिणं भाग आहे. मग मी पुण्याच्या ऑफिसात माझ्या वरिष्ठ मॅडमना फोन लावला.

"मॅडम, माझी चूक झालीय," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं.

मग त्या म्हणाल्या, "अहवाल तुझ्याकडे होता?"

"होता. शेवटची पानं मी वाचली नव्हती."

"कापणी सोमवारी ना?"

"सोमवारी. पण लाकडाच्या पहिल्या दोन मजल्यांचे तक्ते आधीच कापून झालेत."

"ठीक आहे. आधी सांग किती दिवस लागतील. बाकीचं नंतर बोलू."

तासाभरात तिकडच्या सांगाड्याच्या इंजिनिअरशी फोनवर बोलणं झालं. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, की हे कोष्टक तुमच्यासाठीच दिलं होतं. मला आवाज चढवलेला परवडला असता.

उपाय तसा साधा होता. उभा पाइप गाभ्यातून काढायचा आणि बाथरूमशेजारी, लाकडाच्याच जमिनीतून उतरवायचा. म्हणजे मजला बसला की आडवा पाइपही बसेल आणि उभाही, दोघं बरोबर. उभ्या पाइपात दर मजल्याला एक सरकणारा सांधा, म्हणजे बसताना तो वाकणार नाही. पण त्यासाठी मजल्याला चार अशी नवी भोकं लागणार होती. प्रत्येक भोक खांबांपासून आणि तक्त्यांच्या जोडांपासून लांब हवं, आणि त्याच्याभोवती आग पुढे जाऊ नये म्हणून न जळणारा मसाला भरायला जागा हवी. दोन ठिकाणी हवेची नळी आडवी येत होती, ती मी वळवली. एका ठिकाणी घरातलं कपाट हातभर लहान झालं. त्याला वास्तुविशारद शनिवारी दुपारपर्यंत हो म्हणेना.

कापून झालेल्या दोन मजल्यांवर जुनीच आखणी राहिली. ते खालचे मजले, तिथली घसरण दोन-तीन मिलिमीटर. उतार थोडा वाढवून आणि लवचीक जोड देऊन भागलं. पण ते मला अजूनही आवडत नाही.

रविवारी सकाळी नवीन ड्रॉइंगं गेली. सोमवारी फॅक्टरीनं कापणी सुरू केली.

मॅडम नंतर बोलल्या, म्हणाल्या होत्या तशा. सांगितलंस हे बरं केलंस, पण पुढची दोन कामं तू आखशील, अंतिम तपासणी दुसरं कुणीतरी करेल. मला ते लागलं. खोटं का सांगू, आठवडाभर मी जेवायलाही घरी नीट गेले नाही. आईनं दोनदा ताट वर आणून ठेवलं.

चाचांना मी सांगितलं की तुमच्यामुळे वाचले. त्यांनी हात झटकला. "माझ्यामुळं काय. मी तर चूक केल्ती."

"मालक काय म्हणाला मग?"

"लई बोलला. मी खांब बदलले, फुकट न्हाई पन निम्म्यात. बेसिन काढून टाकलं त्यानं. म्हनला, खाली येऊन धुतो हात."

इमारत उभी राहायला दोन वर्षं गेली. लोक राहायला आल्यावर तिकडच्या साइटवरून एक पत्र आलं. वरच्या मजल्यांची मोजमापं घेतली होती. मजले थोडे बसायला लागले होते, साधारण त्या कोष्टकात लिहिलं होतं तसेच, आणि पाइपांचा उतार जागेवर होता. मॅडमनी ते मला पुढे पाठवलं. दुसऱ्या दिवशी एका नव्या इमारतीची कागदपत्रं आली आणि अंतिम तपासणीच्या रकान्यात माझं नाव होतं.

मी खाली गेले. वडील एका माणसाला खिळे आणि चुका, म्हणजे बारीक खिळे, तोलून देत होते. मी पत्रातलं सांगितलं.

"पानी जातंय ना?" त्यांनी विचारलं.

"जातंय."

"मग त्या डब्यातली इंचाची चूक दे इकडं. हे भाऊ कवाचे थांबलेत."