वहिनीनं भरलेली बॅग

दीड महिन्यापूर्वीची गोष्ट. कॉलेजात दुसरा तास संपवून मी बाहेर आले, तर शिपाई दारातच उभा होता. नाशिकहून ट्रंक कॉल आहे म्हणाला. ऑफिसात जाऊन फोन कानाला लावला. दादाचा आवाज इतका शांत होता की कसल्यातरी कागदपत्रांचं काम असेल असंच मला आधी वाटलं. "शालन गेली गं, विमल," तो म्हणाला. "सकाळी. तू ये." पुण्यातल्या माझ्या खोलीवर येऊन मी कपाटावरची लहान बॅग काढली, उघडून पलंगावर ठेवली... आणि तिच्यापुढे नुसती उभी राहिले. दोन दिवसांचे कपडे, आणखी काय लागणार होतं? पण हात चालेना. जिनं मला बॅग भरायला शिकवलं, तिच्याच मातीला निघताना बॅगेत काय घालायचं ते सुचत नव्हतं.

शालन माझी थोरली वहिनी. नांदगावकडची, शेतमजुरांच्या घरातली, सातवीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन नाशिकरोडच्या आमच्या दोन खोल्यांत आली तेव्हा मी आठवीत होते. वडील आधीच गेले होते. दादा कारखान्यात फिटर, आई दम्यानं अर्धी झालेली आणि मी पुस्तकात डोकं घालून बसलेली. माझ्या वाट्याची कामं वहिनीनं कधी आपल्याकडे ओढून घेतली ते मला कळलंही नाही. कॉलेजात असताना मी कधी भांडी घासायला बसले की म्हणायची, "ऊठ. तुझे हात पेनाचे हायत."

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. स्कॉटलंडला जाऊन दोन वर्षं मातीचा अभ्यास करायचा. आमच्या वस्तीतून तोवर कोणी मुंबईपलीकडे गेलं नव्हतं. विहारात सत्कार झाला, लोक घरी येऊन बसू लागले. कौतुक सगळ्यांनाच होतं, पण परदेशी जाताना सोबत काय न्यायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. वहिनीनं एवढंच विचारलं, की तिकडच्या लोकांनी काही लिहून पाठवलंय का. विद्यापीठाची छापील यादी आली होती. मी एकेक शब्द मराठीत सांगत गेले आणि ती जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहीत गेली. तिचं अक्षर गोल, मोठं, शाळकरी मुलीसारखं. गरम पाण्याची रबरी पिशवी झोपताना पायाशी घेतात हे ऐकल्यावर तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि मला विचारलं, इतकी थंडी असते तर माणसं तिथं राहतात कशाला.

पुढचे दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता. जाड कोट इथं मिळणार कुठे? ती दादाला घेऊन देवळाली कॅम्पात गेली आणि लष्करातून निघालेला एक जुना ओव्हरकोट शोधून आणला. तो माझ्या गुडघ्यांच्याही खाली येत होता. तिनं तो सगळा उसवला, तीन पाण्यांतून काढला, शिंप्याशेजारी बसून माझ्या मापाचा करून घेतला आणि पितळी बटणं काढून काळी लावली. काळा मसाला कांडून रुंद तोंडाच्या औषधाच्या बाटल्यांत दाबून भरला, झाकणांच्या कडेनं मेणबत्तीचं मेण ओतलं. कुरडया मोडतात म्हणून त्या पातेल्यात, आणि ते पातेलं माझ्या पोलक्यांत गुंडाळलेलं. सुक्या बोंबलांवरून मात्र आमचं भांडण झालं. मी म्हटलं, सगळ्या विमानाला वास येईल. तिनं ते तीन कागदांत बांधून, वर मेणकापड शिवून माझ्यापुढे धरलं आणि वास घ्यायला सांगितलं. वास येत होता. तिनं मुकाट्यानं ते बाजूला ठेवले.

विमानात वीस किलोच नेता येतं, हे तिनं देवाच्या शब्दासारखं धरलं होतं. दर चार दिवसांनी आम्ही दोघी ती तपकिरी रेक्झिनची बॅग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात न्यायचो. दुकानदार काट्यावरचं गव्हाचं पोतं बाजूला घ्यायचा. पहिल्यांदा सव्वीस भरलं. मग घरी येऊन बॅग जमिनीवर उलटी करायची, एकेक वस्तू हातात घेऊन मला विचारायचं, हिच्यावाचून तुझं अडेल का? अडणार नसेल ती वस्तू कपाटात परत. शेवटी वीसवर काटा आला तेव्हा मला वाटलं, सुटलो. पण तिनं मला ती बॅग उचलून स्टेशनपर्यंत चालत जायला आणि परत यायला लावलं. भर दुपारी, ओळखीच्या माणसांसमोर. मदतीला धावलेल्या शेजाऱ्याला तिनं हातानंच थांबवलं. "तिथं कोण उचलणार?" ती म्हणाली. "जेवढं तुला उचलतं तेवढंच तुझं."

निघायला सहा दिवस राहिले आणि आईचा दमा एकदम उसळला. सरकारी दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. दुसऱ्या दिवशी मी घरी आले, बॅग उघडली आणि सगळं सामान काढून कपाटात लावून टाकलं. जायचं नाही, असं मी ठरवलं होतं. खरं सांगायचं तर आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं होतं... मला त्या देशाची भीती वाटत होती आणि आता न जायला कारण मिळालं होतं. आईचा डबा न्यायला वहिनी घरी आली. तिनं रिकामी बॅग पाहिली. हात पुसून खाली बसली आणि त्याच क्रमानं, त्याच घड्या घालत पुन्हा भरायला लागली. मी रडत होते, तिला थांबवत होते. तिनं वर न बघता म्हटलं, "आईंकडं बघायला मी हाय. तुझ्या परीक्षेला मला बसता येणार नाय." आई सावरली, घरी आली, आणि मी गेले.

आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. दर पंधरा दिवसांनी निळं हवाई पत्र यायचं, अक्षर वहिनीचं आणि बोलणं आईचं. स्वेटर घाल, उपाशी झोपू नको, शेजारणीला नात झाली. मीही आईलाच लिहायचे. दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये शेवटची परीक्षा संपली आणि आठवड्याभरात दादाचं पत्र आलं. आई फेब्रुवारीत गेली होती. मधले चार महिने मला जी पत्रं येत होती, ती माझ्या वहिनीनं आईच्या नावानं लिहिली होती. मार्चमध्ये मी आईला विचारलं होतं, खोकला कमी आहे का. उत्तर आलं होतं, आता अजिबात त्रास नाही.

ते मला सहन झालं नाही. परत आले तेव्हा वहिनी दारात उभी होती, तिच्या शेजारून मी आत गेले. पुण्याला कॉलेजात शिकवायची नोकरी धरली. नाशिकला यायचे ती पाहुण्यासारखी, सकाळी येऊन संध्याकाळी परत. तिनं वाढलेलं जेवायचे, पण तिला वहिनी म्हणून हाक मारली नाही. नऊ वर्षं. तिनं कधी खुलासा केला नाही आणि मीही मागितला नाही. दादा मध्ये पडू पाहायचा, पण त्याला दोन्हीकडून गप्प बसवलं जायचं.

या वर्षी तिच्या पोटाच्या दुखण्याचं निदान झालं, फार उशिरा. ती जायच्या आधीच्या रविवारी मी तिच्या उशाशी बसले होते. हात इतके बारीक झाले होते की बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मला तिला क्षमा करायची होती आणि त्यासाठी मी एक सोपी वाट शोधून ठेवली होती. मी विचारलं, "विमलला कळवू नका, असं आईनंच सांगितलं होतं ना?" ती नुसतं हो म्हणाली असती तर सगळं मिटलं असतं. तिलाही ते कळत होतं.

"नाय," ती म्हणाली. "त्यांना तू पायजे होती. तार करा म्हणल्या. मीच नाय केली."

"का, वहिनी?"

"तू आली असती तर परत गेली नसती. एकदा बॅग रिकामी केलेली मी बघितली ना..." तिला धाप लागली. मी पाणी दिलं. मग हळू आवाजात ती म्हणाली, "चुकलं असंल. पण पुन्हा तसंच केलं असतं."

मी तिचं पांघरूण सारखं केलं आणि उठले. नऊ वर्षांनी तोंडून वहिनी निघालं, हे मला बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं. तिच्या लक्षात आलं होतं की नाही, आता विचारायला कोणी नाही. पुढच्या रविवारी निवांत बोलू असं मनाशी म्हणत मी पुण्याला आले आणि गुरुवारी तो फोन आला.

वहिनीच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना होऊन माणसं पांगल्यावर दादानं कपाटातून एक कापडी पिशवी काढून माझ्या मांडीवर ठेवली. स्कॉटलंडहून मी लिहिलेली सगळी पत्रं. मग त्यानं स्वयंपाकघरातल्या खिडकीखालच्या फरशीकडे बोट केलं. तिथं पूर्वी आईची खाट असायची. "तुझं पत्र आलं की शालन इथं बसून आईला मोठ्यानं वाचून दाखवायची," तो म्हणाला. "आई गेली, खाट काढली, तरी हिचं चालूच. तेवढ्या फरशीवर बसायची आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचायची. मी एकदा विचारलं, कुणाला वाचतेस? तर म्हणाली, ज्यांच्या नावानं आलंय त्यांना."

मी खिडकीखाली जाऊन बसले. पिशवीतलं मार्चमधलं एक पत्र काढलं, उलगडलं. प्रिय आई, एवढं वाचलं आणि थांबले. दादा दाराला टेकून उभा होता. तो तिथंच खाली बसला. थोड्या वेळानं मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली... मोठ्यानं.