वहिनींचा उजवा हात

त्या मळ्यावर मी सव्वीस वर्षं जनावरांचा डॉक्टर म्हणून जात होतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा वहिनींच्या लग्नाला जेमतेम आठ महिने झाले होते. एका गाईच्या कासेला सूज आली होती. मी वाकून तपासत असताना माझा चष्मा दोनदा शेणात पडला. दुसऱ्या वेळी वहिनींनीच तो उचलला, पदराने पुसला, उजेडात धरला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, डावी काडी सैल आहे. आणि हा नंबरही तुमचा राहिलेला नाही. तुम्ही डोळे बारीक करून बघता." स्वयंपाकघरातून सुरी आणून तिच्या टोकाने त्यांनी स्क्रू आवळून दिला. चष्मा पुढे चार वर्षं हलला नाही. नंबराचंही त्यांचंच खरं निघालं.

लग्नाआधी त्या शहरात एका चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या. लग्न ठरताना बोलणं झालं होतं की आठवड्यातून तीन दिवस त्या दुकानात जातील. भाऊंची, म्हणजे त्यांच्या नवऱ्याची, हरकत नव्हती. घरात सासूबाई होत्या, नऊ गाईंच्या धारा त्या काढायच्या. पण लग्नानंतर पाचव्या महिन्यात सासूबाई गेल्या. भाऊ म्हणाले, "थोडे दिवस सांभाळ, मग बघू." दुकानमालकाने सहा महिने त्यांचं स्टूल रिकामं ठेवलं, मग दुसऱ्या मुलीला दिलं. त्या थोड्या दिवसांचं पुढे काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

भाऊ माणूस वाईट नव्हता. शेत, वैरण, शेण, खत सगळं एकटा ओढायचा. पण धार काढायला बसला की गाईशी कुस्ती खेळल्यासारखा बसायचा. गाई पाय झाडायच्या, दूध चोरायच्या, आणि दोन दिवसांनी कास सुजली म्हणून मला निरोप यायचा. अशा चौथ्या-पाचव्या खेपेला मी वैतागून म्हणालो, "भाऊ, तुम्ही कासेला हात लावू नका. वहिनींनाच काढू द्या." झालं. डॉक्टरांनीच सांगितलं म्हटल्यावर त्यावर शिक्का बसला.

वहिनींचा हात मात्र खरंच हलका होता. त्या स्टूलवर बसून कासेवरून ओला फडका फिरवायच्या तोच गाय पान्हा सोडायची. त्या कळपात एक पांढरी गाय होती, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे मान वळवून चष्म्यावरून बघितल्यासारखी बघायची, म्हणून वहिनींनी तिचं नाव मास्तरीण ठेवलं होतं. मास्तरीण दुसऱ्या कोणाला कासेजवळ फिरकू देत नसे.

धारा पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला. त्याच्या अधेमधे घर. मागच्या दाराशी रबरी बुटांची रांग, दाराच्या आत गेलं की डाव्या हाताला मोठी चूल, तिच्यावर कायम कॅन धुवायचं पाणी तापत असायचं. आबांना, म्हणजे सासऱ्यांना, सकाळी उकडलेलं अंडं लागायचं, आणि ते मऊही नको, घट्टही नको. आबा रेडिओ छातीवर ठेवून खाटेवर पडलेले असायचे आणि तिथूनच हाक मारायचे, "सूनबाई, आज अंडं दगड झालं गं!" त्या गोठ्यातून ओरडायच्या, "मग फेकून मारा कोणाला तरी!" आबा खूश होऊन हसायचे. घरात असं हसणं भरपूर होतं. नऊ गाई, तीसेक कोंबड्या, आजारी म्हातारा, शाळकरी लेक, तरी त्यांच्या घरात कधी गंजलेला डबा किंवा पोचट उशी दिसली नाही मला.

एकदा चहा घेताना मी सहज विचारलं, "वहिनी, माहेरी वगैरे जाता का?" त्या बटाटे सोलत होत्या. म्हणाल्या, "सकाळी आठला धुणं-सवरणं उरकतं, दुपारी चारला परत गोठ्यात. आठ तास. जाऊन-येऊन आठ तासांत बसेल तेवढं जग माझं." मी हसलो. त्यांचं वाक्य संपलं नव्हतं बहुतेक, पण मी हसल्यावर त्यांनीही संपवलं नाही.

लेकीच्या शाळेतल्या नाटकाला त्या पोचल्या तेव्हा खुर्च्या उचलणं चालू होतं. लेकीने घरी परत येताना सगळं नाटक गाडीत बसून पुन्हा करून दाखवलं, चारही जणांचे आवाज काढून. हे त्यांनीच मला कौतुकाने सांगितलं. पुढे लेक शिकली, लग्न होऊन सहा तासांवरच्या गावाला गेली.

दूध काढायचं मशीन घेऊ या असं वहिनी दोनदा म्हणाल्या होत्या. दुसऱ्या वेळी मी तिथेच होतो. भाऊ म्हणाले, "नऊ गाईंना मशीन? लोक हसतील. आणि तुझ्या हाताला सोडतात तशा मशीनला सोडतील? विचार डॉक्टरांना." दोघं माझ्याकडे बघत राहिले. माझ्या हातात वहिनींनी दिलेला चहा होता. मला वाटलं, बाईचं कौतुक करायची संधी आहे. मी म्हणालो, "वहिनींच्या हातासारखं मशीन अजून निघालं नाही." वहिनींनी माझ्या हातातला कप उचलला आणि धुवायला टाकला. त्यात अर्धा चहा होता.

मग लेकीला दिवस गेले. वहिनींनी वीस दिवस जायचं ठरवलं. भिंतीवर कागद चिकटवले, कोणत्या गाईला आधी बसायचं, कोणाला किती पेंड, आबांचं अंडं किती मिनिटं. भाऊ महिनाभर त्यांच्या शेजारी बसून हात वळवत होते. लेकीला मुलगी झाली. फोन आला त्या दिवशी एक गाय व्यायला टेकली होती. भाऊ म्हणाले, "हिचं उरकलं की जा." तिचं उरकलं तर आबांना ताप. आबा बरे झाले तर दुसऱ्या गाईचं दूध फाटायला लागलं. नात दोन महिन्यांची झाली. तिचे फोटो बघायला वहिनी आधी हात धुऊन यायच्या, आणि तेवढ्यात कोणीतरी हाक मारायचं.

हात मोडला तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण मी लसी टोचायला गोठ्यातच होतो. मास्तरीण सुईला बुजून अंगावर वळली आणि वहिनींचं उजवं मनगट तिच्या आणि दावणीच्या लोखंडी दांडीच्या मध्ये सापडलं. आवाज मी ऐकला. वासरांच्या पायाला लावायच्या पट्ट्या बांधून मी त्यांना माझ्याच गाडीतून दवाखान्यात नेलं. रस्त्यात मला वाटलं त्या रडतायत. बघतो तर हसत होत्या. दुखत होतं, डोळ्यांतून पाणीही येत होतं, पण हसत होत्या.

प्लास्टर घालून झाल्यावर त्यांनी तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, "किती दिवस?"

"सहा आठवडे."

"दोन वेळच्या धारा नाही ना जमणार?"

"धारा? अहो, स्वतःची वेणी घालायला जमणार नाही."

"मग तसं लिहून द्या," वहिनी म्हणाल्या. "धार काढायची नाही, एवढं मोठ्या अक्षरात."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांनी लिहून दिलं. घरी गेल्यावर वहिनींनी तो कागद बाकीच्या कागदांशेजारी भिंतीवर लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने लेकीकडे निघून गेल्या. मी त्यांना स्टँडवर सोडलं. डाव्या हाताने पिशवी सांभाळत त्या खिडकीशी बसल्या आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

भाऊंची तिसऱ्या दिवशीच वाट लागली. मी गेलो तेव्हा ते गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले होते. हाताची बोटं सुजून केळ्यांसारखी झाली होती. "डॉक्टर," ते म्हणाले, "चमचा धरवत नाही. ही रोज हे कसं करत होती?" मला वाटलं, आता या माणसाच्या डोक्यात प्रकाश पडला. पडलाही होता. ते म्हणाले, "मशीन घेतोच. ती परत यायच्या आत बसवून टाकतो. नऊ गाईंवर घेऊ ना?"

मी नळाखाली हात धूत होतो. घाईत होतो, पुढे आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. मी म्हणालो, "मशीन घेताच आहात तर नऊच कशाला? वीस-बावीस ठेवा. काम तेवढंच."

तिकडे लेकीच्या घरी वहिनींचं काय झालं ते मला नंतर कळलं. पहाटे साडेचारला त्यांना जाग यायची. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात दिवा न लावता त्या बसून राहायच्या. बाळाला आंघोळ घालायला दोन हात लागतात. उचलायलाही. लेक बाळाला न्हाऊ-माखू घालायची, मग आईचे केस विंचरायची, आईचं ताट वाढायची. "आई, तू फक्त बस गं," म्हणायची. वहिनी मला म्हणाल्या, "आपल्याला दोन बाळं आहेत असं तिला झालं होतं, डॉक्टर. त्यातलं मोठं जास्त किरकिरं." बाळाला प्लास्टरवर मूठ आपटायला आवडायचं, तेवढाच आजीचा उपयोग.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं आणि त्या परतल्या. भाऊंनी त्यांना घरात जाऊच दिलं नाही, पिशवीसकट गोठ्यात नेलं. मी मुद्दाम हजर होतो. गोठा लांबवला होता. नवी चकचकीत दावण, वर नळ्या, कोपऱ्यात मशीन, आणि रांगेने बावीस गाई. भाऊंचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "बघ," ते म्हणाले, "आता तुझे हात मोकळे."

वहिनींनी रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग विचारलं, "हे धुवायचं कोणी?"

मशीनचा प्रत्येक कप, प्रत्येक नळी दोन्ही वेळा गरम पाण्याने धुवावी लागते. प्रत्येक गाईची कास पुसायची, पहिल्या चार धारा हातानेच काढून बघायच्या. बावीस गाईंना पाणी, बावीसांचं शेण, वासरं. आणि मास्तरणीने मशीनचे कप चार वेळा लाथेने उडवले, तेव्हा तिची धार हातानेच. दुखऱ्या हाताने.

आठवड्याने मी गेलो तर त्या नळ्या झटकत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काम तेवढंच, असं तुम्ही म्हणालात म्हणे."

मी खाली पडलेला मशीनचा एक कप उचलून त्यांच्यापुढे धरला.

"रागावले नाही मी. फक्त एक दिवस या. पहाटे या आणि संध्याकाळपर्यंत राहा. मी शहरात जाते."

मी गेलो. एका रविवारी, सगळी कामं दुसऱ्यावर सोपवून. त्यांनी बजावलं होतं, संध्याकाळचंही तुम्हीच बघा, मी उशिरा येईन, घाई करणार नाही. पहाटेचं त्यांच्या देखरेखीखाली झालं, मग त्या गेल्या. भाऊ आणि मी नळ्या धुतल्या, दोन उलट्या जोडल्या, पुन्हा काढल्या. माझी कंबर धरली. आबा खाटेवरून म्हणाले, "डॉक्टर, सूनबाई बरी होती की!"

पावणेपाचला फाटक वाजलं. वहिनी चालत आल्या, हातात काही नाही. मागच्या पायरीवर बसल्या आणि चपला काढून बूट ओढायला लागल्या.

"अहो, कशाला आलात?" मी म्हणालो. "मी आहे ना."

"दुकानात गेले होते," त्या म्हणाल्या. "मालकांच्या मुलाने ओळखलं. मी काचा बघत होते. नवीन यंत्रं आलीयत, शिकवतो म्हणाला. आठवड्यातून दोन दिवस या म्हणाला." एक बूट हातातच राहिला. "आणि तीन वाजले. तर माझे पाय दाराकडे. मी म्हटलं, थांब, आज कोणी वाट बघत नाहीये. त्याचं बोलणं चालू होतं आणि मला एक शब्द ऐकू येईना. सगळं लक्ष घड्याळात. शेवटी पळतच निघाले. मला कोणी बोलावलं नव्हतं, डॉक्टर. कोणीच नाही."

मग त्या रडल्या. हात मोडला तेव्हा रडल्या नव्हत्या. भाऊ गोठ्याच्या दारात चिमटलेली नळी हातात घेऊन उभे राहिले, पुढे यावं की मागे जावं ते त्यांना कळेना. आत गाई हंबरायला लागल्या होत्या. वहिनींनी दुसरा बूट चढवला आणि उठल्या.

त्या दिवसापासून संध्याकाळचं धुणं भाऊ करतात. कोणी सांगितलं नाही, त्यांनी नळ्या उचलल्या आणि करायला लागले. दुकानाचं पुन्हा कधी निघालं नाही. मीही काढलं नाही. माझा सल्ला पुरे झाला होता.

मागच्या वर्षी मी निवृत्त झालो तेव्हा भेटायला गेलो. आबा आता नाहीत. गाई सव्वीस झाल्यात. नात पाच वर्षांची आहे, वर्षातून दोनदा येते, चार-चार दिवस. वहिनींनी सांगितलं, परवा फोन चालू असताना ती मागून तिच्या आईला विचारत होती, आजीचे पाय खरोखरच रबराचे आहेत का. सांगताना त्या पोट धरून हसल्या, मीही हसलो. मग आत जाऊन त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला, आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.