कोटाची आतली बाजू

टेलरमास्तरांच्या हातात कपडा आला की आधी तो उलटा होई. "वरून काय, कुणीही गोंडस दिसतं," असं पुटपुटत ते आतले टाके बघत. होणाऱ्या जावयालासुद्धा पहिल्याच भेटीत त्यांनी शर्टाची बाही उलटून दाखवायला लावली होती.

लेकीचं लग्न ठरलं, जोडीचे फोटो काढायचे ठरले. ती बाजारातून तीन तयार झगे घेऊन आली. मास्तरांनी तिन्ही उलटे केले.

"दोरे बघ कसे लोंबतायत! यातलं काही घातलंस तर मी त्या फोटोकडे ढुंकूनही बघणार नाही."

"मग तुम्हीच सांगा, काय घालू?"

"मी कोण सांगणारा? फोटो तुझा!"

लेक फणकाऱ्याने निघून गेली.

फोटोच्या दिवशी ती निळा कोट घालून आली. तिला नोकरी लागली तेव्हा मास्तरांनीच शिवलेला, बिनअस्तराचा. तोंडात टाचण्या धरून मास्तर तिची बाही सारखी करायला सरसावले आणि थबकले. कोट उलटा होता. सगळ्या शिवणी बाहेर, पण एक दोरा सुटलेला दिसेल तर शपथ!

"ताई, कोट उलटा घातलाय तुम्ही," फोटोवाला म्हणाला.

"माहीत आहे. माझ्या बाबांचं काम या बाजूला दिसतं."

शेजारी उभ्या जावयाने निमूटपणे आपलीही बाही उलटली.

मास्तरांना बोलायचं होतं पुष्कळ. पण तोंडात टाचण्या होत्या, आणि त्या काढायची त्यांनी मुळीच घाई केली नाही.