अन्नपूर्णा घरी परतली

देवावर मी रुसले होते, हे आधीच सांगून टाकते. दुष्काळाच्या त्या वर्षी बजाजनगरात टँकर यायचा तेव्हा यायचा, आणि पाणी कमी पडलं की नवऱ्याचा हात माझ्यावर उठायचा. पाणी हे निमित्त. नळ धो-धो वाहत होते तेव्हाही तो उठायचाच. रोज दिवा लावून मी महादेवाला एकच मागायचे, सुबुद्धी दे. सुबुद्धी काही येईना. शेवटी एका सकाळी मनगट सुजलं, तेव्हा मी बॅग भरली आणि देव्हाऱ्यातली पितळी अन्नपूर्णा रुमालात गुंडाळून सगळ्यात वर ठेवली. लग्नात आईनं दिलेली ती मूर्ती. आमच्याकडे बाई चार दिवस माहेरी गेली तर अन्नपूर्णा सासरीच राहते. ती बरोबर निघाली की बाई कायमची निघाली असं समजतात.

माझं माहेर देवगाव रंगारी. वाटेत वेरूळला उतरले ते दर्शनासाठी कमी आणि देवाला चार शब्द सुनावायला जास्त. देवळाच्या दारात बॅग तपासताना रुमाल सुटला. माझ्या मागे आईच्या वयाची एक बाई उभी होती. तिनं आधी मूर्ती पाहिली, मग माझं मनगट.

“अन्नपूर्णा घेऊन निघालीस व्हय? मंग परत नाय जायचं म्हण की.”

अनोळखी बाईसमोर मी ढसाढसा रडले. तिनं मला बाजूच्या ओट्यावर बसवलं, स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं आणि विचारलं, “कोर्टात का नाय गेलीस?”

“कोर्टात गेलं की संसार मोडतो, मावशी. अन् घर त्यांच्या नावावर हाय.”

“असू दे की नावावर! तिथं संसार केलास ना? मंग तुला राहायचा हक्क हाय. त्यासाठी घटस्फोट मागावा लागत नाय. घरात मार खाणाऱ्या बायांसाठी सरकारनं नेमलेले संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडं चल. कोर्ट त्याला लिहून बजावतं, हिच्यावर हात टाकायचा नाय, हिला बाहेर काढायचं नाय. मोडलं तर गुन्हा. मी सोता घेतलाय तसा आदेश, म्हणून सांगते.”

आणि दर्शनाची रांग सोडून ती माझ्याबरोबर उलट दिशेच्या बसमध्ये बसली. शहरात अधिकारी बाईंनी माझं सगळं ऐकून लिहून घेतलं, मनगट डॉक्टरांना दाखवलं. मी बाहेर आले तर बाकडं रिकामं होतं. मावशीचं नावही विचारायचं राहून गेलं. पुढे वेरूळला मी कितीदा तरी गेले, ती दिसली नाही. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही.

कोर्टाचा अंतरिम आदेश मिळेपर्यंत मी माहेरी राहिले. मग अधिकारी बाई आणि एक हवालदार यांच्यासोबत घरी आले. गल्ली दारात उभी होती. नवरा कागद वाचून दारातून बाजूला झाला. मी कुणाकडे न बघता देव्हाऱ्यात मूठभर तांदूळ पसरले आणि त्यावर अन्नपूर्णा बसवली. त्या क्षणी मला जे बळ वाटलं ते आजतागायत उतरलेलं नाही.

खरी परीक्षा पुढच्या टँकरच्या दिवशी झाली. पाणी अर्ध्यातच संपलं आणि तो नेहमीसारखा अंगावर आला. मी मागे सरले नाही. “आदेश हाय,” एवढंच म्हणाले. उचललेला हात हवेत थांबला आणि खाली आला. तो देवमाणूस झाला असं मी सांगणार नाही, पण त्यानंतर तो हात माझ्यावर पडला नाही.

देवाला शरण जाणं म्हणजे मार सोसत बसणं, असं मला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. आता दिवा लावते तेव्हा मन भरून येतं आणि थोडं हसूही येतं. इतकी वर्षं मी नवऱ्यासाठी सुबुद्धी मागत होते. महादेवानं ती मला दिली.