फोटोसाठी थांबवलेला ट्रक

परवा दक्षिण सुदान नावाचा नवा देश जन्माला येणार होता, आणि इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या आमच्या ऑफिसात समीरला त्यासाठी माझा एक ट्रक हवा होता.

मी एका मदतसंस्थेत लॉजिस्टिक्स बघते. म्हणजे कोणती वस्तू कुठून कुठे कशी जाईल ते ठरवायचं, आणि ती पोचली नाही की शिव्या खायच्या. आमचं गोडाऊन या दक्षिण सुदानात होतं. शेजारच्या, सुदानातच राहणाऱ्या दारफुरमध्ये, लढाईतून पळून आलेल्या लोकांच्या छावणीत, डॉक्टर हलीमा दवाखाना चालवायच्या. तिथलं सलाईन संपत आलं होतं आणि पाऊस तोंडावर होता. सलाईनचे दोन ट्रक आणि ताडपत्र्यांचा एक, असे तिन्ही भरून तयार होते.

मला ते लगेच हलवायचे होते. तोवर गोडाऊन आणि छावणी एकाच देशात होती. परवापासून मधल्या रस्त्यावर आंतरराष्ट्रीय सीमा येणार. सीमा आली की कस्टम्स आलं, म्हणजे माल बाहेर सोडताना शिक्का मारणारा माणूस. झेंडा तयार होता, राष्ट्रगीत बसवून झालं होतं. शिक्केवाला नेमायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं.

समीर आमचा कम्युनिकेशन्स हेड, लंडनच्या इल्फर्डला जन्मलेला, म्हणून मराठी मोडकंतोडकं. एरवी मला नावाने हाक मारतो, काम असलं की मावशी.

"मावशी, फक्त एक ट्रक थांबवा ना. नवीन झेंडा, आपली ट्रक, डोनर्स विल लव्ह इट."

"छावणीत लोक उघड्यावर आहेत, समीर."

"दोन दिवसाचा तर गोष्ट आहे. प्रॉमिस."

मी डायरेक्टरबाईंकडे गेले. त्या केकवर नव्या देशाचा नकाशा काढून घेण्यात गुंतल्या होत्या. दोन्ही बाजू ऐकून त्यांनी खास ब्रिटिश तोडगा काढला. दोन जाऊ देत, एक राहू दे. कोणता राहणार ते समीरने ठरवलं. सलाईनचे ट्रक चिखलाने माखलेले आणि ताडपत्र्यांचा नुकताच धुतलेला, म्हणून तो. मी इतकी चिडले की केकला हात लावला नाही, आणि केक चॉकलेटचा होता.

दोन ट्रक वेळेत पोचले. तिसऱ्याचा फोटो फक्कड आला. मग तो सीमेवर अडकला, कारण तिथल्या अधिकाऱ्यालाच आपण अजून अधिकारी आहोत की नाही हे ठाऊक नव्हतं. माणूस सभ्य होता, ड्रायव्हरला रोज चहा पाजायचा.

आठवड्याने हलीमांचा फोन आला. मागे पाऊस एवढा कोसळत होता की त्यांना ओरडून बोलावं लागत होतं. मी समीरला बोलावून स्पीकर लावला.

"सलाईन मिळालं, थँक यू," त्या म्हणाल्या. "बाटली टांगायला छप्पर नाही, म्हणून एका हातात ती आहे आणि दुसऱ्या हातात फोन. मुलं भिजताहेत. ताडपत्र्या कधी येणार?"

ट्रक सीमेवर अडकलाय, असं मी ओरडून सांगितलं. फोन ठेवल्यावर समीर हळूच म्हणाला, "सॉरी, मावशी." त्या वेळी त्याचं माझ्याकडे काहीच काम नव्हतं.

ताडपत्र्या पोचल्या तेव्हा पाऊस संपत आला होता. फोटो अजून रिसेप्शनमध्ये लावलेला आहे. पाहुणे कौतुकाने विचारतात, हा ट्रक कुठे चाललाय?

"कुठेच नाही," मी सांगते. "उभा आहे."