प्रशांतची बोगद्याची वही

कंपनीने प्रशांतला फसवलं. मी घासाघीस करून पोट भरणारा माणूस आहे, फसवणूक कशाला म्हणतात ते मला कळतं, म्हणून हे आधीच लिहून टाकतो. त्याला जाऊन पाच आठवडे झाले. शोकसभेत सगळे त्याच्या हसऱ्या स्वभावावर बोलले, याबद्दल कुणी तोंड उघडलं नाही. वर्षावहिनींचा फोन आला तेव्हा मी आचोळ्याच्या माझ्या दुकानासमोर फरशीच्या ट्रकवाल्याशी भाड्यावरून भांडत होतो. "नंतर करतो," म्हणून मी फोन कापला. त्यांनी पुन्हा लावला. "भाऊजी, हे उठत नाहीयेत..." मी पोहोचलो तोवर दवाखान्याच्या वाटेवर रिक्षातच सगळं संपलं होतं. हृदयाचा झटका, वय बेचाळीस. कंपनीने त्याला मारलं असं मी म्हणत नाही. फसवलं म्हणतो.

आम्ही दोघे चांदीपचे, शाळेत एका बाकावरचे. मी दहावीला आपटलो आणि हातगाडीवर नळाच्या तोट्या विकायला लागलो. त्याने डिप्लोमा केला, चार ठिकाणी उमेदवारी केली आणि शेवटी भुयारी मेट्रोवर चालक म्हणून लागला. कंत्राटावर का होईना, पण चालक. त्याची आई गावभर सांगत सुटली, "माझा पोर जमिनीच्या पोटातून गाडी नेतो, वर पानी असो नाहीतर डोंगर!" तिथे त्यांना एक शिस्त शिकवली होती. स्टेशनातून निघायच्या आधी जे पाहायचं त्याच्याकडे बोट दाखवायचं आणि मोठ्याने बोलायचं. "दारं बंद." "सिग्नल मोकळा." केबिनमध्ये ऐकायला कुणी नसलं तरी बोलायचं. ही सवय तो आचोळ्याच्या घरी घेऊन आला. बाहेर पडताना शेगडीकडे बोट, "गॅस बंद." कुलपाकडे बोट, "कुलूप लागलं." मी जिन्यात उभा राहून ओरडायचो, "मास्तर, मलाही हिरवा दाखवा, नाटक सुरू होईल!" तो हसायचा, पण बोट दाखवल्याशिवाय पायरी उतरायचा नाही.

गाडी यंत्राने चालवायची सोय पहिल्यापासून होती, पण कच्ची होती. फलाटाची दारं आणि गाडीची दारं समोरासमोर यायला लागतात. यंत्र कुठे हातभर अलीकडे थांबायचं, कुठे पुढे जायचं, डेपोतून बोगद्यात उतरताना रूळ ओला असला की चाक घसरायचं, आणि मग चालकाने हाताने सावरायचं. प्रशांत हे सगळं निळ्या पुठ्ठ्याच्या दोनशे पानी वहीत लिहून ठेवायचा. कुठल्या वळणावर किती आधी वेग सोडायचा, गर्दीने भरलेली गाडी कशी थांबते, रिकामी कशी. कुणी सांगितलं नव्हतं. स्वतःसाठी लिहायचा. एकदा त्याच्या साहेबांनी ती पाहिली आणि म्हणाले, "वही द्या, वरती दाखवतो, तुमच्या सगळ्यांच्या कायम होण्याचं बघतो."

मला कळल्यावर मी त्याला बजावलं, "कागद हातात आल्याशिवाय पान देऊ नकोस. निदान झेरॉक्स काढ." तो म्हणाला, "बघतो." दुसऱ्याच दिवशी देऊन आला. चहाच्या टपरीवर मी चारचौघांत त्याच्यावर भडकलो. "वेडा आहेस का तू? तुझ्याकडे विकायला तेवढंच होतं!"

तो शांतपणे चहा ढवळत राहिला. "अरे, पाळी संपताना पुढच्या चालकाला गाडीचं सगळं सांगूनच उतरायचं असतं. ब्रेक उशिरा लागतोय, दार अडकतंय, काही लपवायचं नाही. लपवलं तर माणसं मरतील. तसंच दिलं." त्यांच्यात ही रीतच आहे. त्या रीतीनेच तो फसला. पुढचा चालक माणूस नव्हता, हे त्याला कुणी सांगितलं नाही. मी मात्र रागाने महिनाभर त्याच्याशी बोललो नाही... तो महिना आता परत कुठून आणू?

पुढच्या पावसाळ्यानंतर पत्रं आली. गाडी आता स्वतः चालते, त्यामुळे 'चालक' हे पद राहणार नाही, सगळे 'गाडी सहाय्यक'. नवा कंत्राटदार, नवा करार, पगार जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने कमी. चालकांनी संप केला. मी दुकान बंद ठेवून डेपोच्या फाटकावर जाऊन बसलो, म्हटलं बोलणी करायची वेळ आली तर आपली जीभ उपयोगी पडेल. बोलणी करायला कुणी आलंच नाही. केबिनमध्ये एकेक सुपरवायझर बसवून गाड्या सुटत होत्या. दुपारी प्रशांत उठला, तिकीट काढून खाली फलाटावर गेला आणि तासाभराने परत आला. पोरं विचारायला लागली, "काय, अडली का कुठे?" त्याने मान हलवली. माझ्या शेजारी बसून हळू आवाजात म्हणाला, "बरोब्बर थांबते रे. मी थांबवायचो तश्शी..." त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. थोडा अभिमानही असावा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी सह्या केल्या. घरी हप्ते होते, पोरांच्या फिया होत्या.

नंतरचं वर्ष तो केबिनमध्ये नुसता बसला. दारांचं बटण दाबायचं आणि बसायचं. बोट दाखवणं मात्र सोडलं नाही. साहेबांनी एकदा टोकलं, "आता कुणाला दाखवता?" तो म्हणाला, "सवय आहे साहेब, तुमचं काही बिघडतंय का?" आमची शेवटची भेट माझ्या दुकानात झाली. आईने पाठवलेली गावची वाल पापडी द्यायला आला होता. थकलेला दिसत होता. म्हणाला, "बसून बसून दमतो रे माणूस." मी हसण्यावारी नेलं.

तेराव्याला तेच साहेब हार घेऊन आले. सोबतच्या शोकपत्रात लिहिलं होतं, 'आमचे गाडी सहाय्यक'. मी त्यांना जिन्यात गाठलं आणि वही मागितली. ते म्हणाले, "कुठली वही?" एवढं बोलून ते खाली उतरले. मी जिना चढून परत वर आलो. तेवढ्यात वर्षावहिनी सासूबाईंना स्टेशनवर सोडायला बाहेर पडल्या. दारात थांबल्या, शेगडीकडे बोट केलं. "गॅस बंद." मग कुलपाकडे. "कुलूप लागलं." आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानातही आलं नसावं. म्हातारी मात्र भिंतीला टेकून रडली.

साहेब, 'कुठली वही' असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. निळा पुठ्ठा, दोनशे पानं, पहिल्या पानावर त्याचं नाव आणि नावापुढे 'चालक'. ती वही घेऊन आचोळ्याला या, वहिनींच्या हातात द्या, आणि तुमच्या कागदावरचा तो शब्द कुणी खोडला ते त्याच्या आईसमोर उभं राहून सांगा.