डोळे हलवायचा इलाज

माझा मोठा भाऊ आठ वर्षं माझ्याशी बोलला नाही. घर एक, चूल एक, पण काही सांगायचं असलं की तो वहिनीकडे तोंड करून म्हणायचा, "त्याले सांग, धानाच्या बांधीत पाणी सोड म्हणा." मी समोरच जेवत बसलेला असायचो.

कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. दोन हजार नऊच्या चैत्रात वहिनीला ताप होता, म्हणून तिच्याऐवजी मी भाऊबरोबर मोहफुलं वेचायला केशोरीजवळच्या जंगलात गेलो. मी मास्तर माणूस, टोपली धरायचीही सवय नव्हती. उजाडता उजाडता झुडपातून अस्वल निघालं आणि वाकलेल्या भाऊवर गेलं. मी पळालो. मदतीला हाक मारली, असंही नाही. भाऊच्या किंकाळ्या ऐकून दुसऱ्या झाडांखालची माणसं काठ्या घेऊन धावली, म्हणून तो जगला. एक डोळा आणि अर्धा ओठ गेला. गाव मला भगोडा मास्तर म्हणू लागलं. गाव खोटं बोलत नव्हतं.

पुढे शाळेतही तेच झालं. फळ्यावर लिहिताना मागे कोणी बाक सरकवला, की मी खडू टाकून बाहेर पळायचो. एकदा मैदान ओलांडून थेट रस्त्यावर गेलो. हेडमास्तरांनी सांगितलं, इलाज करा नाहीतर रजेवर जा. नागपूरला नर्स असलेल्या माझ्या बहिणीनं पुण्याच्या, मनाचा इलाज करणाऱ्या एका मॅडमचा नंबर दिला. गावात नुकतंच फोर-जी आलं होतं, म्हणून इलाज मोबाइलवर.

मॅडम म्हणाल्या, खोलीचं दार लावून बसा. आमच्या घरात रेंज फक्त दारापुढच्या छपरीत यायची, आणि छपरीत भाऊची खाट. मी कानात इयरफोन घालायचो. तो समोर पडून माझी अर्धी बाजू ऐकायचा.

इलाज काय, तर फोनवर एक ठिपका डावीकडून उजवीकडे पळायचा. मनात ते दृश्य धरायचं आणि डोळ्यांनी ठिपक्यामागे जायचं. मग मॅडम विचारायच्या, "आता काय जाणवतंय? शून्य ते दहा, त्रास किती?" मी म्हणायचो, आठ. पुन्हा ठिपका. पुन्हा आठ. एक डोळा गेलेल्या माणसासमोर बसून मी माझे धडधाकट दोन डोळे नाचवत होतो. लाज म्हणून काही असते की नाही?

आधी त्यांनी एक सुरक्षित जागा मनात आणायला सांगितली. समुद्रकिनारा चालेल म्हणाल्या. मी समुद्र पाहिलेला नव्हता. मग म्हणाल्या, एखादं मोठं झाड, गार सावली, पाखरं. मोहाच्या झाडाखालून पळालेला मी; मला असा संताप आला, की फोन विहिरीत टाकावासा वाटला. पण बाईंचा आवाज इतका गोड, की भांडताही येईना. गोड बोलणाऱ्या माणसांचा मला तेव्हा फार राग यायचा.

नेट गेलं की ठिपका मध्येच अडकायचा. म्हणून मॅडमनी दुसरं शिकवलं. हात छातीवर आडवे धरून दोन्ही खांद्यांवर आळीपाळीनं थापट्या मारायच्या. भाऊ खाटेवरून वहिनीला म्हणाला, "त्याले सांग, लय मोठं काम केलन, आता स्वतःचीच पाठ थोपटून राहिला." वहिनी हसली. मीही हसलो असतो, पण मला हसायचा हक्क नव्हता.

दोन महिने आकडा आठच्या खाली येईना. दोष मॅडमचा नव्हता. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, सगळ्यात वाईट दृश्य कोणतं? मी सांगितलं, अस्वल. ते खोटं होतं. खरं दृश्य सांगितलं असतं, तर ते भाऊच्या देखत सांगावं लागलं असतं.

सातव्या बैठकीला मॅडमनी एक वाक्य मोठ्यानं म्हणायला लावलं. मी म्हणालो, "त्या वेळी मला जे शक्य होतं, ते मी केलं."

भाऊ खाटेवरून उठला. त्यानं इयरफोनची वायर फोनमधून उपटली आणि पडद्यावर तोंड नेलं. मॅडम दचकल्या असणार. त्या चेहऱ्याला सगळेच दचकतात.

"बाई," तो म्हणाला, "त्याले विचारा, मागं वळून पाहिलन का? एकदा तरी?"

मी ठिपक्याकडे बघत होतो. तो अजून इकडून तिकडे पळतच होता.

"मॅडम, भाऊले सांगा," मी म्हणालो, "पाहिलं होतं. नाल्याच्या काठावर थांबून पाहिलं. तो उताणा पडला होता आणि त्याचा एक हात माझ्याकडे होता. ते पाहून मी पुन्हा पळालो. ते अस्वल वगैरे मी तुम्हाला उगाच सांगितलं."

वहिनी दारात येऊन उभी होती. भाऊ हळूच खाटेवर बसला. त्यानं उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. वहिनीकडे नाही, फोनकडे नाही.

"मले वाटे, तुले दिसलोच नाही मी," तो म्हणाला. "भेलं पोरगं, आंधळ्यासारखं पळालं. तेवढ्यासाठीच तुले घरात ठेवलो." फाटक्या ओठातून शब्द सांडत होते, पण मला एकेक कळला. "आता वेगळी चूल मांड."

पुण्याहून मॅडम माझं नाव घेऊन हाका मारत होत्या. मी फोन बंद केला.

"हो, भाऊ," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात तालुक्याला, अर्जुनी मोरगावला खोली घेतली. गावात बातमी पसरली, की भावानं मास्तरला हाकललं. काहींना भाऊ निर्दय वाटला. तसं बोलणाऱ्या दोघांशी मी रस्त्यात भांडलो. आठ वर्षं भाऊ माझ्याबद्दल जे बरं धरून होता, ते खोटं होतं, आणि मी ते गुपचूप खात बसलो होतो. आता तो मला पुरता ओळखतो, आणि पुरता ओळखूनच त्यानं मला घराबाहेर काढलं आहे.